माजी पंतप्रधानांचे दिवस

२५ जुलै २०२५ रोजी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता फिरला. सलग पंतप्रधानपदी राहण्यात नरेंद्र मोदींनी त्या दिवशी इंदिरा गांधींना मागे टाकलं होतं. इंदिराबाईंचे सलग ४०७७ दिवस, मोदींचे ४०७८. आता पुढे फक्त नेहरू. तक्त्यात एकेका पंतप्रधानाचा फोटो आणि खाली दिवसांचा आकडा. टाळ्या, तिरंगे आणि जोडलेले हात यांचा नुसता पाऊस. गुलझारीलाल नंदांना गाळलं होतं, ते हंगामी म्हणून एक वेळ सोडून देऊ. पण चरणसिंगही नव्हते, आणि तक्ता फिरत होता गाझियाबादेत! मी तसं लिहिलं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या एका पोराचं उत्तर आलं, ‘अंकल, वो तो छह महीने भी नहीं टिके.’ पुढे हसरा चेहरा.

पोराचा हिशोब बरोबर आहे. २८ जुलै १९७९ ते १४ जानेवारी १९८०, म्हणजे १७० दिवस. पण टिकणं हाच एकदा गुण ठरवला, की माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गमतीचं आणि माझ्या मते देशाच्या सगळ्यात उपयोगी पडलेलं दशक तक्त्याच्या तळाशी जातं. खुर्चीत कोण किती दिवस बसला हे मोजणारे पुष्कळ आहेत. खुर्चीतून कोण कसा उठला आणि उठल्यावर त्याने काय केलं, याचा तक्ता कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

असा तक्ता करायला बसलं तर नेहरूंना त्यात जागाच नाही. २७ मे १९६४ ला गेले तेव्हा ते पंतप्रधानच होते. शास्त्री ताश्कंदला गेले ते परत आलेच नाहीत. पहिल्या ओळीत नाव लिहायचं ते नंदांचं. दोन्ही वेळा, १९६४ च्या मे-जूनमध्ये आणि १९६६ च्या जानेवारीत, तेरा-तेरा दिवस खुर्ची सांभाळली आणि ज्याची त्याच्या हवाली करून निमूट बाजूला झाले. मुंबई राज्यात मजूरमंत्री राहिलेला माणूस. आमच्याकडे कुणाच्या लक्षातही नाही.

नेहरूंच्या काळाबद्दल पुस्तकं आहेत, मी काय सांगणार. आमच्या कराडच्या घरात त्या काळाचे दोनच प्रसंग बोलले जायचे. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं तो एक, आणि १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तो दुसरा. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री वगैरे. दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळलंय, की सह्याद्रीला इथे मदतीला बोलावतात, घराची किल्ली देत नाहीत.

मोरारजींचं नाव मात्र वडील घ्यायचेच नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबार झाला तेव्हाचे मुंबईचे मुख्यमंत्री म्हणून एक राग, आणि अर्थमंत्री झाल्यावर १९६३ च्या जानेवारीत त्यांनी सुवर्णनियंत्रण आणलं म्हणून दुसरा. चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायचा नाही, असा तो नियम. घरात सोनं असं फारसं नव्हतंच, पण राग होता. आणि याच वडिलांनी १९७७ साली जनता पक्षाला मत दिलं. मत आणीबाणीविरुद्ध होतं, निवडून आले मोरारजी. आणीबाणी चालू असतानाच, १४ नोव्हेंबर १९७६ ला, नेहरूंच्या जयंतीचा मुहूर्त धरून गाझियाबाद मेरठपासून तोडून वेगळा जिल्हा करण्यात आला होता. तेव्हा हे गाव कुठे आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

१९७९ मध्ये कराड आणि गाझियाबाद एका मंत्रिमंडळात आले. चरणसिंगांनी वकिली सुरू केली ती गाझियाबादेत. १९३० साली हिंडनच्या काठी मीठ बनवलं म्हणून इथूनच तुरुंगात गेले. त्यांचं गाव नूरपूर, आज हापूर जिल्ह्यात मोडतं. ते पंतप्रधान आणि यशवंतराव उपपंतप्रधान. त्याआधी मोरारजींवर अविश्वासाचा ठराव आणणारे यशवंतरावच होते. मोरारजी गेल्यावर राष्ट्रपती संजीव रेड्डींनी सरकार बनवायला आधी बोलावलं तेही त्यांनाच. आकडे जमेनात, तसं यशवंतरावांनी चार दिवसांत कळवून टाकलं. मराठी माणूस त्या खुर्चीच्या इतका जवळ त्याआधी गेला नव्हता, आणि लोक काहीही म्हणोत, त्यानंतरही गेलेला नाही. चरणसिंगांचं पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. लोकसभेपुढे जायच्या दिवशी, २० ऑगस्टला, काँग्रेसने पाठिंबा काढला आणि संसदेचं तोंडही न पाहता त्यांनी राजीनामा दिला. मोरारजी मुंबईला जाऊन राहिले आणि १९९५ पर्यंत, वयाच्या शंभरीला टेकेपर्यंत जगले.

मी गाझियाबादेत आलो १९८७ च्या उन्हाळ्यात. केंद्र सरकारची नोकरी, दिल्लीला बदली, दिल्लीतलं भाडं परवडेना म्हणून शास्त्रीनगरात दोन खोल्या. गाडीने तासाभरात ऑफिस. त्या मे महिन्यात हिंडनच्या कालव्याबद्दल लोक हळू आवाजात बोलत होते. २२ मे च्या रात्री मेरठच्या हाशिमपुऱ्यातून पीएसी या राज्याच्या सशस्त्र पोलिस दलाच्या जवानांनी मुसलमान पुरुषांना ट्रकात घालून आणलं, काहींना मुरादनगरच्या गंगनहरवर आणि काहींना मकनपूरजवळ हिंडनच्या कालव्यावर गोळ्या घातल्या. मकनपूर म्हणजे आजच्या इंदिरापुरमच्या कुशीतलं गाव. पहिल्या शिक्षेसाठी ३१ ऑक्टोबर २०१८ उजाडावा लागला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने सोळा जणांना जन्मठेप दिली. १९८९ च्या पहिल्याच दिवशी साहिबाबादच्या झंडापुरात कामगारांसमोर पथनाट्य करताना सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. राजीव गांधींच्या पाठीशी तेव्हा लोकसभेत चारशेच्या वर खासदार होते. भक्कम सरकार, खंबीर सरकार ही जी जपमाळ आता ओढली जाते, ती कानावर आली की मला हे दोन कालवे आणि ते झंडापूर आठवतं.

मग २ डिसेंबर १९८९ ला विश्वनाथ प्रताप सिंगांनी शपथ घेतली आणि माझं दशक सुरू झालं. पुढच्या दहा वर्षांत सहा माणसं पंतप्रधान झाली, त्यातले वाजपेयी दोन वेगळ्या खेपांना. १९८९ ची धरली तर लोकसभेच्या पाच निवडणुका झाल्या. ‘अस्थिरता’ हा शब्द संपादकांनी इतका घासला, की त्यावरची अक्षरं पुसली गेली. पण आमच्या डब्यात येऊन बसला असता तर त्या संपादकाला कळलं असतं, की अस्थिर होते ते पंतप्रधान, लोक मजेत होते.

डबा म्हणजे गाझियाबादहून सकाळी सुटणारी गाडी. साहिबाबाद, आनंद विहार, टिळक ब्रिज, शिवाजी ब्रिज. टिळक आणि शिवाजी असे दोन पूल लागोपाठ ओलांडून रोज ऑफिसला जाणारा मराठी माणूस मनातल्या मनात थोडा ताठ बसायचा. सगळे एमएसटीवाले, म्हणजे महिन्याचा पास. चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी, तिच्यावर पत्ते, खेळ सीपचा. पत्ते वाटता वाटता देश चालायचा. कुणाकडे किती खासदार, कोण फुटणार, कोण बाहेरून पाठिंबा देणार, डाव्यांच्या किती जागा. बहुमताचा आकडा बोटांवर मोजता येत नव्हता असा माणूस त्या डब्यात नव्हता. पंतप्रधानावर उघड टीका करायची असेल तर गळा खाकरावा लागत नव्हता.

त्या डब्याचं सगळं गोडच होतं असं नाही. ७ ऑगस्ट १९९० ला मंडल आयोग लागू करत असल्याची घोषणा झाली आणि आठवड्याभरात आमच्या टोळीचे दोन तुकडे पडले. मोदीनगरहून येणारा एक जण होता, टपालखात्यात, जातीने कुंभार. पानाला चुना तोच लावून द्यायचा सगळ्यांना. तोवर तो ‘भाई’ होता, एका सकाळी ‘कोटेवाला’ झाला. त्याची नोकरी मंडलच्या कितीतरी आधीची, कोट्याशी तिचा काडीचा संबंध नाही, पण ऐकतो कोण. तो उठून डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायला लागला. मी त्याच्याबरोबर गेलो, मोठं धैर्य म्हणून नाही, तिकडे खिडकी मिळायची म्हणून सुरुवात झाली. ब्रीफकेसवाल्यांपैकी दोघे अजून आहेत, एक तर आमच्याच सेक्टरात. आज त्यांच्या स्टेटसवर ‘सबका साथ’ असतं. असो.

विश्वनाथ प्रतापांचे अकरा महिने. एवढ्यात मंडल झालं, बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं, धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत किती घरांत या शेवटच्या गोष्टीने फरक पडला ते त्या घरांना विचारा. आणि आणखी एक गोष्ट झाली, ती मला कळली चौपल्याच्या सराफ्यात.

तिथे गल्लीत आत एक गलाईचं दुकान होतं. सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. जिथे सराफा आहे तिथे विट्याकडचा एखादा तरी गलाईवाला असतोच. इथे आबा होते. जेमतेम खाट मावेल एवढी खोली, कोपऱ्यात भट्टी, भिंती काजळीने काळ्या. मूस लाल झाली की आबा लांब चिमट्याने ती उचलत, टाकणखाराची चिमूट टाकत आणि वितळलेलं सोनं साच्यात ओतताना श्वास रोखून धरत. जमिनीवरची धूळसुद्धा झाडून पिशवीत भरून ठेवायचे, वर्षाअखेरीला तिच्यातून काहीतरी निघायचंच. शनिवारी सुट्टी असली की मी तिथे मराठी बोलायला जायचो. नगरांच्या या गावात मराठी बोलायला दुसरी जागा नव्हती.

सुवर्णनियंत्रणाचा तो मोरारजींचा कायदा, १९६८ साली त्यांनीच पक्का केलेला, जून १९९० मध्ये रद्द झाला. रद्द करणारे अर्थमंत्री मधू दंडवते, राजापूरचे खासदार. आबांनी लायसन भिंतीवरून उतरवलं, मागे पालीचं अंडं निघालं. ‘साहेब, आता वही न्हाई, लायसन न्हाई, कुनी इन्स्पेक्टर येनार न्हाई,’ म्हणाले. ‘कोन म्हनतंय ह्ये सरकार कामाचं न्हाई?’ वर्तमानपत्रातली ती बातमी दोन महिन्यांतच मंडलच्या आरोळ्यांत पार बुडून गेली. गलाईवाल्याला विचाराल तर स्वतंत्र भारतातला सगळ्यात मोठा पंतप्रधान अकरा महिन्यांचा होता.

सरकार ७ नोव्हेंबर १९९० ला लोकसभेत पडलं. मग चंद्रशेखर आले. कन्याकुमारीहून राजघाटापर्यंत पायी चाललेला माणूस, पंतप्रधान म्हणून सात महिने, त्यातले शेवटचे साडेतीन नुसते हंगामी. काँग्रेसने पाठिंबा काढायला निमित्त काय शोधलं, तर राजीव गांधींच्या बंगल्याबाहेर हरियाणाचे दोन हवालदार टेहळणी करत होते. याच सरकारच्या अखेरीला, परकी चलन संपत आलं म्हणून, सरकारच्या ताब्यातलं वीस टन सोनं परदेशी गेलं. जुलैमध्ये, तोवर नरसिंह राव आले होते, रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन आणखी गेलं, बँक ऑफ इंग्लंडकडे. आबांचं दुकान त्या आठवड्यात सुतकात होतं. ‘घरचं सोनं गहान टाकतंय त्यो शेतकरी. सरकारबी आता शेतकरी झालं,’ एवढंच बोलले आणि भाता मारत बसले.

१९९१ चा जून दिल्लीतल्या मराठी माणसांनी कसा काढला ते इतिहासात लिहिलेलं नाही. राजीव गेले होते, काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष, आणि नाव घेतलं जात होतं शरद पवारांचं. पहाडगंज, करोलबाग, जिथे म्हणून चार मराठी घरं आहेत तिथे खासदारांच्या याद्या घेऊन माणसं बसली होती. एका परिचिताने पेढ्यांची ऑर्डर देऊन ठेवली होती. २१ जूनला शपथ नरसिंह रावांनी घेतली, पेढे रद्द झाले आणि पवार संरक्षणमंत्री झाले. पुन्हा सह्याद्री, पुन्हा संरक्षण.

मला त्या दिवशीही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की आपण मराठी लोकांनी त्या माणसाला आपलं म्हणायला काय हरकत होती. १९८४ आणि १९८९, दोन्ही वेळा राव लोकसभेत गेले ते रामटेकहून. कायद्याचं शिक्षण नागपूरला. मराठी इतकं उत्तम, की ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. महाराष्ट्राने निवडून पाठवलेला माणूस पंतप्रधान झाला आणि महाराष्ट्र पेढे रद्द करत बसला. तेव्हा तर ते खासदारही नव्हते, निवृत्तीच्या तयारीत होते. नंतर नंद्याळहून निवडून आले.

पण त्यांना आपलं म्हणायचं तर ६ डिसेंबर १९९२ सुद्धा आपल्या खात्यावर घ्यावा लागतो. रविवार होता. दुपारभर अयोध्येत घुमट पडत होते आणि दिल्लीत पंतप्रधान बसून होते. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतली दुकानं उघडत नव्हती आणि लहान मुलांना दारात येऊ देत नव्हते. मुंबई पेटली, मार्चमध्ये पवारांना तिकडे परत पाठवलं गेलं. अर्थव्यवस्था खुली केली, पंचायतींना घटनेत जागा दिली, एवढं सगळं करून त्या एका दुपारचा हिशोब राव कधी देऊ शकले नाहीत. पुढे झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे चारल्याच्या खटल्यात ते दिल्लीच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहिले. २००० साली दोषी ठरले, २००२ साली उच्च न्यायालयात सुटले. काल देश चालवणारा माणूस आज साध्या खुर्चीवर बसून पुकारा होण्याची वाट पाहतो, हे दृश्य लोकांना लाजिरवाणं वाटलं. मला ते लोकशाहीचं सगळ्यात निरोगी दृश्य वाटतं. २००४ च्या डिसेंबरात त्यांचा देह अकबर रोडवर पक्षाच्या कार्यालयाबाहेर थांबला आणि फाटक उघडलं नाही, ते खरं लाजिरवाणं.

मग १९९६. वाजपेयी तेरा दिवस. आकडा जमला नाही, भाषण केलं आणि राजीनामा द्यायला निघून गेले. बहुमत नसेल तर जायचं असतं, ही गोष्ट तेव्हा देशाला दूरदर्शनवर थेट दाखवली गेली. देवेगौडा आले. दिल्लीच्या इंग्रजी पत्रकारांनी या माणसाचा जो छळ मांडला त्याला तोड नाही. सभेत डोळा लागला की फोटो, हिंदी येत नाही म्हणून विनोद. त्यांनी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर हिंदी भाषण कन्नड लिपीत लिहून वाचलं. आमच्या डब्यात सगळे हसले. मी हसलो नाही, कारण माझं हिंदी ऐकून हाच डबा नऊ वर्षं हसत होता. त्या झोपाळू माणसाच्या अकरा महिन्यांत महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा संसदेत आलं आणि बांगलादेशाशी गंगेच्या पाण्याचा तीस वर्षांचा करार झाला. विधेयकाचा कायदा व्हायला २०२३ उजाडलं, आणि श्रेय कुणी घेतलं ते सांगायला नको.

गुजरालांबद्दल सरकारी नोकराने तटस्थपणे लिहावं अशी अपेक्षा कुणी धरू नये. त्यांच्या काळात पाचवा वेतन आयोग लागू झाला. थकबाकी हातात आली त्या महिन्यात आमच्या घरी फ्रिज आला. परराष्ट्र धोरणाची त्यांची ती सूत्रं ज्यांनी वाचायची त्यांनी वाचावीत.

शनिवार, १७ एप्रिल १९९९. ऑफिसला सुट्टी, मी आबांकडे. जयललितांनी पाठिंबा काढलेला, गुजरालांनंतर परत आलेले वाजपेयी पुन्हा विश्वास मागत होते. दुकानात छोटा टीव्ही, त्याच्यावर काजळीची पुटं. भट्टी बंद ठेवली होती, कारण भात्याच्या आवाजात ऐकू आलं नसतं. शेजारचे दोन सराफ, एक पॉलिशवाला, गल्लीतला चहावाला, सगळे त्या खोलीत. मायावती काय करणार, ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग अजून खासदार आहेत तर मत देऊ शकतात का, यावर पॉलिशवाल्याने जे विवेचन केलं ते वकिलानेही ऐकावं. आकडे उमटले. बाजूने २६९, विरुद्ध २७०. एक मत. खोलीत कुणीच काही बोलेना, मग चहावाल्याने एकदम शिटी मारली. तो भाजपचा होता की विरोधातला, आजही सांगता येणार नाही. त्याला शिटी मारायची होती, त्या एका मताला.

त्या दिवशी सभागृहात समोरच्या बाकांवर कोण होतं पाहा. चंद्रशेखर, देवेगौडा, गुजराल. तीन माजी पंतप्रधान, साधे खासदार म्हणून. पंतप्रधानाला बोलताना समोर तीन अशी माणसं दिसत होती, जी त्याच खुर्चीत बसून उठली होती आणि अजून जिवंत, निवडून आलेली आणि बडबडी होती. खुर्चीतल्या माणसाला याहून चांगली आठवण कोण देणार?

वाजपेयींची पुढची पाच वर्षं आणि मनमोहन सिंगांची दहा मी भराभर ओलांडतो. चांगली होती, वाईट होती, मला लिहायला कंटाळा येतो. वाजपेयींच्या सरकारने १ जानेवारी २००४ पासून लागणाऱ्यांची पेन्शन बंद केली, तेव्हा माझी वाचली. त्यांच्या नावाचा अटल चौक वसुंधरेत आहे, नेहरूनगर, शास्त्रीनगर, इंदिरापुरम यांच्याबरोबर. राव किंवा देवेगौडांच्या नावाची गल्ली मला या गावात अजून भेटलेली नाही.

पण माजी पंतप्रधान त्या काळातही होते. २००६ मध्ये दादरीच्या वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीवरून बझेडा खुर्दचे शेतकरी उठले. तेव्हा विश्वनाथ प्रताप डायलिसिसवर जगत होते. समर्थकांना घेऊन निघाले आणि त्यांना अटक झाली, कुठे तर आमच्या गाझियाबादेत. माजी पंतप्रधानाला शेतकऱ्यांसाठी पोलिसांनी धरावं! पुढे ते पोलिसांना चुकवून दादरीला पोचले आणि त्या जमिनीत नांगर धरला. २७ नोव्हेंबर २००८ ला ते गेले. आदल्या रात्री मुंबईवर हल्ला झाला होता, टीव्हीवर ताज जळत होतं, त्यांच्या जाण्याची बातमी खालच्या पट्टीतून सरकून गेली. मी त्या रात्री मुंबईतल्या भाच्याला फोन लावत होतो, आणि तरी ती पट्टी वाचली.

१३ सप्टेंबर २०१३ ला भाजपच्या अध्यक्षांनी पंतप्रधानपदाचा उमेदवार म्हणून मोदींचं नाव जाहीर केलं. अध्यक्ष राजनाथ सिंग, तेव्हा आमचे खासदार. २०१४ मध्ये ते लखनऊला निघून गेले. गाझियाबादने देशाला काय दिलं या निबंधात हा मुद्दा घ्यायला हरकत नाही.

त्यानंतर हळूहळू डबा शांत झाला. म्हणजे डबाच बदलला. आता साहिबाबादहून दुहाईकडे सुंदर, गार, वेळेवर धावणारी गाडी आहे. २० ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधानांनी सुरू केली, नाव ‘नमो भारत’. पूर्वी या गावात पंतप्रधानाचं नाव वस्तीला लागायला निदान तो खुर्चीतून उतरावा लागायचा. गाडीत मी कान देऊन बसतो. सगळे फोनमध्ये. पंतप्रधानांबद्दल बोलायचं झालं तर लोक आधी आजूबाजूला पाहतात, मग विषय हवेकडे नेतात, आणि आमच्या गावच्या हवेबद्दल बोलण्यासारखं कायम असतं. नोव्हेंबर २०२० पासून वर्षभर शेतकरी आमच्या वेशीवर, गाझीपूर सीमेवर, ट्रॉल्या लावून बसले होते, चरणसिंगांच्याच मुलखातले कितीतरी. सोसायटीत चर्चा एकच, वैशालीहून दिल्लीला जायला किती वेळ लागतो. १९ नोव्हेंबर २०२१ ला शेतीकायदे मागे घेण्याची घोषणा झाली, तेव्हाही ग्रुपवर पहिला संदेश होता, ‘रास्ता कब खुलेगा?’

या काळात माजी पंतप्रधानाचं काम एकट्या मनमोहन सिंगांनी केलं. नोटबंदीनंतर २४ नोव्हेंबर २०१६ ला राज्यसभेत उठले, हळू आवाजात बोलले, विकासदर दोन टक्क्यांनी पडेल म्हणाले. ज्यांनी त्यांना दहा वर्षं मौनी म्हणून हिणवलं ते त्या दिवशी गप्प होते. आबांचा मुलगा तेव्हा दुकान बघत होता. ८ नोव्हेंबरच्या रात्री सराफ्यात सोनं कसं विकलं गेलं आणि पुढचे तीन महिने भट्टी कशी थंड राहिली, ते तो सांगतो, पण दार लोटून घेऊन सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये, नव्वदीच्या घरात, चाकाच्या खुर्चीत बसून मनमोहन सिंग दिल्लीच्या विधेयकावर विरोधात मत द्यायला आले. विधेयक पडणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. २६ डिसेंबर २०२४ ला ते गेले. अंत्यसंस्कार निगमबोध घाटावर झाले आणि स्मारकाच्या जागेवरून दोन्ही पक्ष दोन दिवस भांडले.

४ जून २०२४ ला भाजपला २४० जागा मिळाल्या, बहुमत नाही. त्या संध्याकाळी मला उगीच वाटलं, चला, बोटं मोजायचे दिवस परत आले, आता डबा बोलेल. चंद्राबाबूंचे किती, नीतीशकुमारांचे किती, मी गाडीत शेजारच्या मुलाला विचारलं. त्याने कानातलं काढून ‘जी?’ म्हटलं आणि परत घातलं.

स्वातंत्र्यापासून, नंदा सोडले तर, चौदा माणसं पंतप्रधान झाली. त्यातले बारा गेले. पंतप्रधानपदावरून पायउतार झालेला आणि आज हयात असलेला माणूस या देशात एकच उरला आहे, एच. डी. देवेगौडा. २०२५ मध्ये वयाची ९२ वर्षं पूर्ण झाली तेव्हा राज्यसभेत होते, अजूनही बोलतात. मुलगा मोदींच्या मंत्रिमंडळात पोलाद खात्याचा मंत्री आहे, त्यामुळे मोदींचं कौतुक करतात.